वैकुंठाच्या आधी स्वयंपाकघर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पंढरीच्या वारीला जाणाऱ्या आजोबांवर तुम्ही वीस-बावीस मिनिटांचा लघुपट केला आहे. त्यात लांबलचक शॉट आहेत, संवाद जवळजवळ नाहीत, शेवटी आजोबा चंद्रभागेच्या वाळवंटात एकटे उभे आहेत आणि मागे बासरी वाजते आहे. पाहणारे ‘छान आहे, शांत वाटते’ असे म्हणतात, पण आत काही हलत नाही, हे तुम्हालाच जाणवते. म्हणून तुम्ही विचारता की इंद्रियांपलीकडचा म्हणतात तो अनुभव चित्रपटातून खरोखर देता येतो का. आणि येत असेल तर तो विषयातून येतो, संथपणातून येतो की पाहणाऱ्याच्या श्रद्धेतून? मी संकलक आहे. हा प्रश्न माझ्यापुढे तत्त्वज्ञान म्हणून क्वचितच येतो; बहुतेक वेळा ‘हा शॉट कुठे तोडायचा’ या रूपातच येतो, आणि त्याच बाजूने मी उत्तर देणार आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तो पडताळून पाहता येईल. असा अनुभव देता येतो. मात्र पलीकडचे दाखवायचे असेल, तर अलीकडचे आधी पुरेपूर दाखवावे लागते. कॅमेरा हे मुळात जड वस्तूंचे यंत्र आहे. त्याला भिंत दिसते, हात दिसतो, चुलीवरचा तवा दिसतो. भक्ती, वैराग्य, कृपा यांपैकी काहीही त्याच्या भिंगातून आत शिरत नाही. कवीला एका ओळीत निर्गुणाविषयी बोलता येते, गायकाला षड्जावर स्थिर राहता येते. आपल्याला मात्र प्रत्येक फ्रेममध्ये कुठली ना कुठली सगुण वस्तू ठेवावीच लागते. त्यामुळे पडद्यावरचे अध्यात्म वस्तूंच्या निवडीतून, त्यांच्यापाशी आपण किती वेळ थांबलो यातून आणि कशानंतर काय आले यातून घडते. विषय धार्मिक असणे ही त्यासाठी पुरेशी अट नाही. खरे तर ती अटच नाही.

श्रद्धेचा मुद्दा आधी बाजूला काढू, कारण आपल्याकडे तो सगळा हिशेब बिघडवतो. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला आणि पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपल्या लहान मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केले. तेव्हापासून आपला प्रेक्षक चित्रपटगृहात दर्शनालाही जात आला आहे. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा लोक चपला काढून आत जात आणि पडद्यावर नाणी व फुले उधळत. दूरदर्शनवर रामायणाची मालिका सुरू झाली तेव्हा घरोघरी टीव्हीला हार घातले गेले. या भावाला हसण्याचे काही कारण नाही. पण तो भाव प्रेक्षक घरून घेऊन येतो. त्याला मूर्ती पुरते, आणि मूर्ती साधी कॅलेंडरवरची असली तरी चालते. चित्रपटाने स्वतः काय केले, हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. तुमचा लघुपट जो पाहील त्याने माळ घातलेली असेल असे तुम्हाला गृहीत धरता येणार नाही, म्हणून या वाटेने तुम्हाला फार मदत होणार नाही.

संथपणाकडे वळू. या विषयावर चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना हमखास वाचायला देतात ते पुस्तक पॉल श्रेडर यांचे, १९७२ चे आहे. कडक कॅल्व्हिनपंथी, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका कठोर पंथाच्या, घरात वाढलेल्या आणि किशोरवयापर्यंत चित्रपटच न पाहिलेल्या या तरुण समीक्षकाने जपानचे ओझू, फ्रान्सचे ब्रेसाँ आणि डेन्मार्कचे ड्रायर या तीन दिग्दर्शकांमध्ये एक समान शैली शोधली. त्याची मांडणी ढोबळपणे अशी आहे: आधी रोजचे जगणे कोरडेपणाने, भावना न चाळवता दाखवायचे, मग त्या जगण्याशी न जुळणारे, त्याला तडा देणारे काहीतरी हळूहळू साचू द्यायचे, आणि शेवटी एका निश्चल प्रतिमेपाशी थांबायचे, जिथे तो ताण सुटत नाही, पण स्वीकारला जातो. मांडणी उपयोगी आहे. अडचण अशी झाली की तिच्यातला पहिला टप्पा गाळून लोकांनी तिसराच उचलला. महोत्सवांसाठी केलेल्या कितीतरी चित्रपटांत आज निश्चल प्रतिमा सुरुवातीपासूनच असते: माणूस खिडकीबाहेर पाहतो, धुके आहे, कट नाही. ज्याला आधी कशाने ताणलेच नाही, ते थांबले काय आणि चालले काय, प्रेक्षकाला फरक पडत नाही. तो घड्याळ पाहतो, आणि त्याचे चुकत नाही.

रोबेर ब्रेसाँ यांचा १९५६ चा ‘अ मॅन एस्केप्ड’ या दृष्टीने पुन्हा पाहा. लिआँमधल्या माँल्यूक तुरुंगातून जर्मनांच्या हातावर तुरी देऊन निसटलेल्या आंद्रे देविन्यी यांची ही खरी हकीकत आहे, आणि ब्रेसाँ स्वतः युद्धकैदी राहिलेले होते. नावातच शेवट सांगून टाकला आहे, त्यामुळे ‘सुटेल की नाही’ हा प्रश्न उरत नाही आणि लक्ष सगळे ‘कसा’ याकडे जाते. चित्रपटातला कैदी फोंतेन लोखंडी चमचा फरशीवर घासून त्याची पटाशी करतो, दाराच्या ओकच्या फळ्या जोडणारे मऊ लाकूड खरवडतो, पडलेला भुसा गोळा करतो, फट झाकतो, पावलांचा आवाज आला की थांबतो, पुन्हा सुरू करतो. देवाविषयी बोलणे अगदी थोडे आहे. तुरुंग आपण डोळ्यांपेक्षा कानांनी ओळखतो: जिन्याच्या कठड्यावरून किल्ली फिरवत चालणारा पहारेकरी, लांबून जाणारी आगगाडी, आणि अखेरच्या भागात एक विचित्र करकर, जी दोन भिंतींमधून फेऱ्या मारणाऱ्या शिपायाच्या सायकलची निघते. मोत्सार्टच्या प्रार्थनासंगीताचा एक तुकडा या चित्रपटात अधूनमधून येतो, आणि तो कुठे येतो पाहा: कैदी आपापल्या मैल्याच्या बादल्या ओतायला रांगेने चालले आहेत, तिथे. चंद्रभागेवरच्या बासरीचा विचार करताना ही बादल्यांची रांग डोळ्यांसमोर ठेवा.

या सगळ्या कष्टानंतर त्याच्या कोठडीत एक पोरगा आणून टाकतात. तो खबऱ्या असू शकतो. त्याला मारायचे की बरोबर घ्यायचे हे फोंतेनला ठरवावे लागते, आणि तो बरोबर घेतो. पुढे एका भिंतीपाशी लक्षात येते की एकट्याला ती चढताच आली नसती. माणसाने करायचे ते सगळे केले आणि तरीही ते अपुरे पडले असते, उरलेले न मागता आले. यालाच कृपा म्हणायचे असेल तर म्हणा, चित्रपट तो शब्द पुढे करत नाही. पण त्या न मागता आलेल्या मदतीचे वजन आपल्याला जाणवते, कारण आधीचा तासभर आपण चमच्याने लाकूड खरवडत होतो. तो तासभर कुणी दहा मिनिटांच्या मोंताजमध्ये, म्हणजे झरझर जोडलेल्या तुकड्यांत, बसवला असता, तर पोरगा म्हणजे कथानकाची एक सोय एवढेच राहिले असते.

कार्ल ड्रायर यांचा ‘ऑर्डेट’ याच्याही पुढे जातो, कारण तिथे साक्षात मेलेले माणूस उठते. १९५५ चा हा डॅनिश चित्रपट काई मुन्क या धर्मोपदेशक नाटककाराच्या नाटकावर आधारलेला आहे. त्या मुन्कना १९४४ मध्ये नाझींनी ठार मारले. दोन तासांहून थोडा मोठा चित्रपट आणि शॉट जेमतेम शंभर-सव्वाशे. युटलंडमधले एक शेतकरी घर आहे. म्हातारा बाप श्रद्धाळू आणि हट्टी आहे, थोरला मिकेल नास्तिक आहे, मधला योहानेस डोके फिरल्यामुळे स्वतःला ख्रिस्त समजतो, आणि धाकट्याला दुसऱ्या पंथाच्या शिंप्याची मुलगी करायची आहे. हे घर चालवते मिकेलची बायको इंगर. ती गरोदर आहे, सगळ्यांची मनधरणी करते आणि कॉफी देते. धाकट्याच्या लग्नाचा विषय सासऱ्यापुढे काढायचा तर ती आधी कॉफी पुढे करते. ड्रायर यांनी या घराचे स्वयंपाकघर कसे सजवले, याची एक गोष्ट सांगतात: खेड्यातल्या स्वयंपाकघरात असेल ते सगळे सामान आधी आणून मांडले आणि मग एकेक वस्तू काढत गेले, अगदी मोजक्या उरेपर्यंत. ज्यांना ‘मिनिमल’ हा शब्द फार आवडतो त्यांनी यातला क्रम ध्यानात घ्यावा. आधी भरले, मग काढले; मुळात रिकामेच ठेवले असे झाले नाही.

इंगर बाळंतपणात दगावते. डॉक्टरची गाडी वळताना दिव्यांचा झोत भिंतीवरून सरकतो आणि योहानेसला भिंतीतून जाणारा, विळा घेतलेला मृत्यू दिसतो. दोन्ही अर्थ एकाच प्रकाशात, आणि दिग्दर्शक कुणाची बाजू घेत नाही. शवपेटीपाशी मिकेल कोसळतो. बाप म्हणतो की तिचा आत्मा देवाजवळ आहे, तेव्हा मुलगा सांगतो की माझे तिच्या देहावरही प्रेम होते. संबंध चित्रपट या वाक्यावर उभा आहे. त्यानंतर लहानग्या मुलीच्या विश्वासावर योहानेस हाक मारतो आणि इंगरचे हात हलतात, तेव्हा ना प्रकाशाचा लोट येतो, ना वृंदगान. बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ धाकटा भाऊ चालू करतो. इंगर नवऱ्याला बिलगते आणि त्याच्या गालावर तिचे तोंड ज्या भुकेने टेकते, त्यात पवित्र असे काही नाही. ते जिवंत शरीर आहे. मी हा प्रसंग नास्तिकांबरोबर आणि श्रद्धाळूंबरोबर पाहिला आहे, आणि दोघेही सारखेच गप्प होतात. चमत्कार खरा वाटतो तो चमत्काराच्या तंत्रामुळे नव्हे. ज्या बाईने कॉफी दिली होती, तीच परत आली आहे, आणि घराला तिची गरज होती हे आपण अंगाने अनुभवले आहे.

आता आपल्या घरी येऊ, कारण ही गोष्ट डेन्मार्कच्या वीस वर्षे आधी पुण्यात करून झाली होती. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दिग्दर्शक. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, प्रभातमध्ये दामले ध्वनिमुद्रण सांभाळत आणि फत्तेलाल कलादिग्दर्शन. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. हे सगळे आपण शाळेच्या धड्यासारखे पाठ म्हणतो आणि त्यामुळे चित्रपट पाहायचाच राहून जातो. तुम्ही ज्या विषयावर लघुपट केला त्यावर मराठीत झालेले सर्वांत खोल काम हेच आहे, असे माझे मत आहे.

श्रेडर यांच्या मापाने पाहिले तर हा चित्रपट नापास व्हायला हवा. यात गाणी आहेत, विनोद आहे, खलनायक आहे, हवेतून येणारे गरुडाचे विमान आहे, कीर्तनाला जमलेल्या गर्दीत शिवाजी महाराजच शिवाजी महाराज दिसण्याची ट्रिक आहे. कंजुषी कशाचीच नाही. तरीही तो जिथे पोहोचतो तिथे पुष्कळ संयमी चित्रपट पोहोचत नाहीत, आणि म्हणूनच मी संथपणाला गमक मानायला तयार नाही.

त्याचे कारण तुकोबांची बायको जिजाई. गौरी या प्रभातमध्ये किरकोळ कामे करणाऱ्या बाईंना दामले-फत्तेलालांनी ही भूमिका दिली, आणि त्यांनी नाटकी उच्चाराचा एकही संस्कार न झालेल्या आवाजात, कमरेवर हात ठेवून, ती केली. समोर विष्णुपंत पागनीस आहेत: संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवलेले, मऊ हालचालींचे, गाताना चेहऱ्यावर कसलाही आव न आणणारे. चित्रपट या दोघांना एका चौकटीत ठेवतो आणि मग कुणाचीही टिंगल करत नाही. तुकोबा विठ्ठलाशी बोलतात, जिजाई डाळ-तांदळाशी बोलते. ते मिळालेले वाटून टाकतात, आणि संध्याकाळी पोरांच्या ताटात काय पडणार याचा हिशेब तिच्याकडे असतो. पोर आजारी पडते तेव्हा ती हातात वहाण घेऊन तडक देवळात जाते, देवाला जाब विचारायला. हा प्रसंग पाहताना आजही लोक हसतात आणि हसता हसता थबकतात, कारण त्या रागात देवाशी जी जवळीक आहे ती खलनायक सालोमालोच्या सबंध कीर्तनात नाही. सालोमालो तुकोबांचाच अभंग स्वतःच्या नावावर खपवतो, ठसक्यात गातो, हातवारे करतो. खोट्या आणि खऱ्या भक्तीतला फरक दिग्दर्शकांनी एका शब्दानेही समजावलेला नाही. तेच शब्द दोन गळ्यांतून ऐकवले आहेत आणि दोन चेहऱ्यांवर कॅमेरा ठेवला आहे, एवढेच.

इथे थोडे विषयांतर. यातले ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिले. ते गाथेतलेच आहे असे मानून पुष्कळांनी त्याचा गाथेत शोध घेतला. पागनीसांचा चेहरा तर नंतर घरांतल्या तसबिरींमध्ये जाऊन बसला. संताची प्रतिमा आपण चित्रपटाकडून घेतली आणि पुन्हा श्रद्धेच्या खात्यात जमा केली. वर दर्शनाविषयी जे म्हटले त्याला हे एक छेद देणारे उदाहरण आहे, आणि ते मला नाकारता येत नाही: कधीकधी चित्रपट स्वतःच मूर्ती घडवतो.

शेवटाकडे या. गरुडाचे विमान उतरते. तरुण प्रेक्षक त्या विमानाला हसतात, आणि हसावे असेच ते आहे. रंगवलेले पंख स्पष्ट दिसतात. तुकोबा जिजाईला आपल्याबरोबर वैकुंठाला चल म्हणतात. ती नाही म्हणते. पोरांकडे कोण बघणार? संकलक म्हणून मला या नकाराइतके मोलाचे या चित्रपटात दुसरे काही वाटत नाही. तो नसता तर विमान हे नुसते देखाव्याचे विमान राहिले असते, नाटकाच्या शेवटी पडद्यावरून उतरणाऱ्या देवासारखे. नकार आहे म्हणून वर जाणे ही एक घटना होते: कुणीतरी खरोखर जाते आहे आणि कुणीतरी खरोखर मागे राहते आहे. तुकोबांच्या मुक्तीची किंमत पडद्यावर उभी आहे, लुगडे खोचून. विमान कागदी आहे की काय हा प्रश्न तिथे गळून पडतो, कारण आपली नजर वर आणि खाली अशी दोन ठिकाणी ओढली जाते, आणि त्या ओढीला निमूटपणे सोडवणारा कुठलाही कट दामले-फत्तेलाल पुरवत नाहीत. देहभान सुटणे दाखवायचे तर देह आधी फ्रेममध्ये हवा. ड्रायर यांच्याकडे तो इंगरचा होता, इथे जिजाईचा आहे. दोन्हीकडे बाईच्याच गळ्यात हे ओझे पडले आहे, यावर वेगळे लिहायला हवे आणि कुणीतरी ते रागाने लिहायला हवे.

उलट बाजूने गेलेले एक अलीकडचे मराठी उदाहरण सांगतो, कारण ते तुमच्या वयाच्या जवळचे आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०) हा शास्त्रीय गायन शिकणाऱ्या शरद नेरुळकरची गोष्ट आहे. तो रात्री मोटारसायकलवरून रिकाम्या मुंबईतून जातो, चित्र संथ झालेले असते, आणि कानांत माई नावाच्या, कधीच न दिसणाऱ्या गुरूची ध्वनिमुद्रित व्याख्याने चालू असतात. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. साधनेविषयी जे काही उदात्त बोलता येईल ते सगळे त्या आवाजात आहे, आणि चित्रही तरंगते आहे. पण शरदला ते कधीच सापडत नाही. बाकीचा चित्रपट स्पर्धेतली हार, गुरुजींच्या औषधपाण्याचा खर्च आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांची विक्री यांनी भरलेला आहे. तरंगते संथ चित्र म्हणजे अध्यात्म, ही आपली समजूतच ताम्हाणे यांनी नायकाची भूल म्हणून वापरली आहे. ओझू यांच्या ‘लेट स्प्रिंग’मधल्या फुलदाणीच्या शॉटवरही इथे लिहिता आले असते, पण त्यावर इतके लिहून झाले आहे की ती फुलदाणी आता कुणाला फुलदाणी म्हणून दिसतच नाही, म्हणून ती सोडतो.

आता तुमचा कट, जो मी काल आणि आज असा दोनदा पाहिला. चित्रण चांगले आहे. दिवे घाटातले ड्रोनचे दृश्य काढून टाका. ते वाईट आहे म्हणून नव्हे; ते दर आषाढात प्रत्येक वाहिनीवर दिसते आणि ज्या उंचीवरून ते घेतलेले असते त्या उंचीवरून कुणाचेही आजोबा दिसत नाहीत. वारी ही जमिनीवरून, पायांच्या पातळीवरून होणारी गोष्ट आहे. तुमच्या रॉ फुटेजमध्ये मुक्कामाच्या जागी एक माणूस आजोबांच्या पोटऱ्यांना तेल चोळतो आहे आणि आजोबा संकोचून ‘पुरे, पुरे’ म्हणताहेत, असा एक हलता, थोडा अंधारा टेक आहे. तो तुम्ही तांत्रिक दोष म्हणून वगळलेला दिसतो. तो घ्या, आणि तोडू नका. दुसऱ्याने पाय धरल्यावर वारकरी कसा अवघडतो, हे मी पडद्यावर फारसे पाहिलेले नाही.

मुख्य दुरुस्ती सुरुवातीची आहे. निघण्याच्या दिवशी आजी पिशवीत गोळ्यांची पाकिटे भरते आहे आणि काहीतरी बोलते आहे. तुम्ही तिचा आवाज बंद करून त्यावर बासरी टाकली आहे आणि शॉट चार-पाच सेकंदांत संपवला आहे. मूळ ध्वनी मी ऐकला. ती रागावलेली आहे. मागच्या वर्षी तिथे ताप आला होता, यंदा रक्तदाबाची गोळी चुकवली तर फोन करायचा नाही, आणि शेळ्यांचे कोण बघणार, असे ती एका दमात बोलते. आजोबा ऐकून न ऐकल्यासारखे टोपीची घडी घालत आहेत. तुमच्या हातात जिजाई होती आणि तुम्ही तिचे तोंड बंद केलेत. हा सगळा प्रसंग, तिच्या आवाजासकट, जसाच्या तसा ठेवा. दीड-दोन मिनिटे झाला तरी चालेल. आजोबा काय सोडून जातात हे तिच्या तक्रारीतूनच कळते, आणि ते कळल्याशिवाय वाळवंटात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याकडे आपण नुसते ‘वारकरी’ म्हणून पाहतो.

बासरी पूर्ण काढा. वाळवंटातल्या शॉटखाली त्या ठिकाणचा खरा आवाज आहे का ते तपासा: भोंग्यावरच्या हरवलेल्या माणसांच्या घोषणा, नावाडी, पाण्यात उतरणाऱ्या बायकांची हाकाहाक. तो ध्वनी तुमच्या कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनवर नक्की असणार. खरखर असली तरी तो वापरा आणि लागेल तेवढाच स्वच्छ करून घ्या. हा शेवटचा शॉट सध्या तुम्ही आजोबांच्या चेहऱ्यावर हलकेसे स्मित येताच तोडता. तिथे तोडल्यामुळे प्रेक्षकाला वाटते की त्यांना काहीतरी मिळाले आणि काय मिळाले ते आपल्याला कळले. रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या मूळ चित्रणात, तो टेक पुढे चालू आहे. स्मित विरते, ते इकडेतिकडे बघतात, खिशातला फोन काढून लांब धरून नंबर शोधतात. कट तिथपर्यंत न्या. त्यांनी कुणाला फोन लावला ते ऐकवायची गरज नाही, कारण आजीने सुरुवातीलाच सांगून ठेवलेले असेल.

हे सगळे केल्यावर लघुपट बहुधा चार-पाच मिनिटांनी वाढेल आणि तरीही आतापेक्षा लवकर संपल्यासारखा वाटेल. नवा रफ कट संगीताशिवाय आणि रंगसंस्काराशिवाय बांधा, आणि वारी कधीच न केलेल्या कुणाला तरी दाखवा. ‘शांत वाटले’ एवढेच ते म्हणाले, तर अजून काम बाकी आहे असे समजा. आजीचे पुढे काय झाले, शेळ्या कुणी पाहिल्या, असे त्यांनी विचारले, तर तो कट मला पाठवा. शेवटच्या शॉटची लांबी आपण तेव्हा ठरवू.